नागाचं मुंडन

कात्री पहिल्यांदा चानसोमच्या हातात द्यायची हे ठरलेलंच होतं. मुलगा भिक्खू होणार म्हणजे पहिली बट आईची, मग मामाची, मग मावशीची. उरलेलं डोकं भंते वस्तऱ्यानं गुळगुळीत करणार, भुवयांसकट.

अंगणात आंब्याखाली लाकडी चौरंग मांडला होता. विसेत सदऱ्यावरून अंगाभोवती पांढरं वस्त्र गुंडाळून बसला होता. केस त्यात पडावेत म्हणून त्यानं मांडीवर कमळाचं रुंद पान धरलं होतं. दूर समुद्राकाठच्या रयोंग शहरातल्या कारखान्यातून तो चार दिवसांपूर्वी आला, आणि आल्यापासून गावानं त्याचं नावच बदलून टाकलं होतं. चीवर घ्यायला निघालेल्या मुलाला आमच्याकडे नाग म्हणतात. कालपासून शेजारच्या बायकासुद्धा "नाग, भात वाढू का?" असं त्याला विचारत होत्या आणि तो मान खाली घालून हसत होता.

चानसोमनं टाळूवरची बट कापली. बट सरळ पानात पडली. नवरा गेल्यापासून ती याच दिवसाची वाट पाहत होती. एक बट पुरे होती, पण तिचं मन भरेना. तिनं कानामागचे केस वर उचलले आणि कात्री तिथंच थांबली.

केसांखालची कातडी लालभडक होती आणि तिच्यावर चंदेरी खपल्यांचे थर चढले होते. ते थर मानेपर्यंत उतरले होते. कात्रीचं टोक लागून एक पापुद्रा सुटला आणि पांढऱ्या वस्त्रावर पडला. चानसोमनं पटकन त्या जागेवर तळहात ठेवला, जसा लहानपणी त्याला ठेच लागली की ठेवायची.

"हात काढ," कम्सिंग म्हणाला. तो तिचा थोरला भाऊ, विहाराच्या पंचांतला. तो आवाज चढवत नसे, त्याची गरजच पडत नसे.

तिनं हात काढला. कम्सिंगनं वाकून पाहिलं. मग त्यानं भाच्याच्या बोटांकडे पाहिलं. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते आणि दोन नखं पिवळी पडून बोटापासून सुटली होती. उन्हाळ्यातही हा पोरगा लांब बाह्यांचा सदरा का घालतो, हे त्याला आत्ता कळलं. त्यानं नखांना हात लावला नाही, बाहीही वर केली नाही.

"नागाला उन्हानं भोवळ आल्यासारखं झालंय," तो मागं वळून लोकांना म्हणाला. "जरा आत नेतो. तुम्ही जेवून घ्या." ढोलवाल्यांनाही त्यानं हातानं खूण करून बसवलं.

आत माजघरात पाच माणसं बसली. विसेत, चानसोम, कम्सिंग, त्याची बायको सुदा, आणि कम्सिंग-चानसोमची थोरली बहीण पिम्पा. पिम्पानं लग्न केलं नव्हतं. ती या घरात कमी बोलायची आणि जास्त राबायची, आणि सगळ्यांना त्याची सवय झाली होती. आताही ती दाराशी बसली. कमळाचं पान तिनं आत आणलं होतं, वारा लागू नये म्हणून.

"कधीपासून आहे?" कम्सिंगनं विचारलं.

विसेतनं सांगितलं की तीन पावसाळे झाले. आधी कोंडा वाटला, मग कोपरांवर आलं, मग नखांत. कारखान्यातल्या मुलांनी त्याचं अंथरूण बाजूला सरकवलं तेव्हा तो शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. सोरायसिस म्हणाले. लागण होत नाही, जेवणातून नाही, स्पर्शातून नाही. मलम दिलं, डोक्याला लावायला डांबराच्या वासाचं औषध दिलं. कमी होतं, पुन्हा येतं.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"का नाही?"

विसेत मान खाली घालून वस्त्राची कड दुमडत राहिला. चानसोमनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. मुलानं आजार लपवला याचा तिला राग आला नव्हता. आपण तळहात ठेवला तो त्याच्यासाठी की लोकांसाठी, हे तिला कळत नव्हतं आणि तेच तिला टोचत होतं.

कम्सिंग म्हणाला की आज काही होणार नाही. ताप भरलाय असं सांगू, दीक्षा देणाऱ्या उपाध्याय भंतेंना निरोप पाठवू, पुढं पाहू. सुदानं लगेच मान डोलावली. तिच्या धाकट्या मुलीचं स्थळ ठरत आलं होतं आणि मुलाकडचे लोक बाहेर अंगणात जेवत होते.

"दादा म्हणतोय ते ऐकावं," चानसोम हळूच म्हणाली.

विसेतनं तेवढ्यापुरतं वर पाहिलं. मामा नाही म्हणणार हे त्याला माहीत होतं. आईही तसंच म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं.

कम्सिंगला त्या नजरेचं वाईट वाटलं, पण तो हलला नाही. पोराला काय माहीत, असं त्याच्या मनात आलं. कम्सिंग स्वतः नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाच्या पाठीवर असेच लाल चट्टे आले होते, अशाच खपल्या, अशीच नखं. गावानं महारोग म्हटलं. डॉक्टर तालुक्यालाही नव्हता. आईच्या भावांनी एका सकाळी बैलगाडी जुंपली आणि बापाला नदीपलीकडच्या महारोग्यांच्या वसाहतीत सोडून आले. मागं त्याची चटई, पांघरूण, जेवायची वाटी जाळली. त्यानंतर शाळेत कम्सिंग भिंतीशी एकटा बसायचा. विहिरीवर पिम्पानं दोर सोडला की बायका थांबून राहायच्या आणि ती गेल्यावर दोर धुवायच्या. चानसोम तेव्हा पाळण्यात होती, तिला यातलं काही आठवणं शक्य नव्हतं. वसाहतीत बाप वारल्याचा निरोप आला त्या दिवशी आईनं फक्त मान हलवली आणि धान पाखडत राहिली. कोणी गेलं नाही.

आणि मग इथल्या प्रत्येक मुलासारखा एका पावसाळ्यापुरता भिक्खू व्हायला कम्सिंग स्वतः नाग झाला तेव्हा सगळा गाव विहारात दाटला होता, तो एक प्रश्न ऐकायला. दीक्षा देताना भंते नागाला पाच आजार विचारतात. त्यांतला पहिलाच कुट्ठं, म्हणजे महारोग. नत्थि भन्ते, नाही भंते, असं उत्तर द्यायचं असतं. कम्सिंगनं ते इतक्या मोठ्यानं दिलं होतं की वळचणीची कबुतरं उडाली होती. त्या दिवसापासून या घराकडे लोक सरळ नजरेनं पाहू लागले. ते त्यानं मिळवलेलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाला ते तू मला नको सांगूस," तो म्हणाला. "बाहेर दोनशे माणसं बसलीत. ती डॉक्टरला ओळखत नाहीत. त्यांना आपलं घर ठाऊक आहे. भंते विचारतील किलासो, कातडीचा रोग आहे का. तू काय म्हणशील? नत्थि? आणि ते तुझ्या डोक्याकडे बघतील. मुंडन केलेलं डोकं, विसेत. त्यावर लपवायला काही राहत नाही."

"नाग कात टाकतोय म्हणतील," सुदा पुटपुटली. कोणी हसलं नाही, आणि तिलाही बोलल्यावर बरं वाटलं नाही.

"महारोग आहे असं म्हणायचंय ना तुम्हाला?" विसेतनं विचारलं. त्याचा आवाज शांत होता. "महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, मामा. डॉक्टरनं मला ते आधी दाखवलं. डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात अंगाला लावून विचारत राहिला, आत्ता कुठं, आत्ता कुठं. मला सगळं कळलं. मी डोळे मिटतो. तुम्ही लावून बघा."

त्यानं डोळे मिटले आणि मान पुढं केली.

कम्सिंग जागचा उठला नाही. उठायचं त्याच्या मनात होतं, पण हात मांडीवरून निघेनात. बाहेर कुणीतरी ढोलावर उगाच बोटं वाजवत होतं.

शेवटी पिम्पा उठली. तिनं कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी मोडली, विसेतच्या मागं येऊन बसली आणि काडीचं टोक अगदी हलकेच खपल्यांवर टेकवलं.

"उजव्या कानामागं," विसेत म्हणाला.

तिनं काडी सरकवली.

"मानेवर. मधोमध."

तिनं सदऱ्याची बाही वर केली आणि कोपरावरच्या लाल चट्ट्याला काडी लावली, इतकी हळू की सुदालाही ती टेकल्याचं दिसलं नाही.

"कोपर. खाज सुटली, मावशी."

पिम्पानं काडी खाली ठेवली. पुन्हा उचलली नाही. तिच्याकडे पाहून चानसोमला वाटलं, ताईला घेरी येतेय. ती उठायला लागली, तर पिम्पानं तिला हातानं थांबवलं.

"बाबांना कळायचं," पिम्पा म्हणाली.

कोणाला काही समजलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "बाबांना सगळं कळायचं. पाठ खाजायची ना त्यांची. मी रोज जेवण झाल्यावर पाठीला खोबरेल लावायची. ते सांगायचे, जरा वर, पोरी. डावीकडं. हां, तिथंच, हळू. मुंगी चढली तरी कळायची त्यांना. ज्या सकाळी नेलं त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा तेल लावलं होतं मी."

"तू लहान होतीस," कम्सिंग म्हणाला.

"अकरा वर्षांची होते. माझी बोटं होती त्यांच्या पाठीवर, तुझी नव्हती."

एवढं सलग ती या घरात कधी बोलली नव्हती.

"डॉक्टरनं मला विचारलं होतं," विसेत म्हणाला, डोळे उघडून. "घरात कुणाला होतं का म्हणून. हा आजार घराण्यातून उतरतो म्हणाले. मी सांगितलं, कुणाला नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

चानसोम रडू लागली. तिला बाप आठवतच नव्हता. दादाच्या तोंडून जेवढा ऐकला तेवढाच तिचा बाप, आणि दादा त्याच्याबद्दल जवळजवळ बोलतच नसे. ती उठली, मुलाच्या मागं बसली आणि त्याचं डोकं छातीशी धरलं. खपल्या तिच्या नव्या रेशमी कपड्यावर पडत राहिल्या.

कम्सिंग भिंतीकडे बघत होता. पिम्पाचं म्हणणं खोटं ठरवायला तो मनात काहीतरी शोधत होता. बापाची झडलेली बोटं, वाकडा हात, असं काही. त्याला तसलं काहीच आठवेना. त्याला आठवत होतं ते एवढंच की बाप खाजवायचा. दिवसभर खाजवायचा, दाराच्या चौकटीला पाठ घासायचा. आणि महारोग्याला खाज सुटत नाही हे कळत्या वयात त्यानं कितीदा ऐकलं होतं, पण त्या दोन गोष्टी त्यानं कधी एकमेकींजवळ आणल्या नव्हत्या.

"सगळं आपणच जाळलं," एवढंच तो म्हणाला.

पहिली हलली ती सुदा. तिनं पिम्पाजवळचं कमळाचं पान उचललं, कात्री घेतली, विसेतच्या कपाळावरची एक बट कापली आणि पानात ठेवली. "बाहेर कुणी विचारलं तर मी सांगेन काय आहे ते," ती म्हणाली. "सोरा... काय रे ते?"

"सोरायसिस, मामी."

"तेच. ज्यांना सोयरीक नको असेल ते जेवून जातील."

मग पिम्पानं बट कापली. कम्सिंगला कुणी कात्री दिली नाही, त्यानं मागितलीही नाही. तो उठून परसदारी गेला आणि रांजणातलं पाणी तोंडावर मारत राहिला.

दुपारी मिरवणूक निघाली ती नेहमीसारखीच. ढोल वाजले, पोरींनी नाच केला, छत्री धरली. फरक इतकाच की नागाचं मुंडन केलेलं डोकं लाल चट्ट्यांनी भरलेलं होतं. काही जण पुढं येऊन पाहत होते, काही दोन पावलं मागं सरत होते. चानसोम त्याच्या शेजारून, अंगाला अंग लावून चालत होती.

उपाध्याय भंतेंना तिनं आधीच जाऊन सगळं सांगितलं होतं. म्हातारे भंते चष्मा लावून विसेतचं डोकं बघत बसले. म्हणाले, लागण होणारा, माणसाला निकामी करणारा रोग असेल तर संघाला सांभाळता येत नाही, म्हणून तो प्रश्न आहे. तुला यातलं काही नाही. खाज आहे, ती सोबत आण. मग त्यांनी नेहमीप्रमाणे त्याला पहिला पाठ दिला, केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, अंगावरचे रोम, नखं, दात, कातडी. माणूस माणसाचं जे बघतो ते एवढंच, असं म्हणून ते थांबले. इतरांना ते इथं बरंच समजावून सांगत. आज सांगितलं नाही.

दीक्षेच्या वेळी त्या पाच आजारांचे प्रश्न आले. कुट्ठं? गण्डो? किलासो? प्रत्येक प्रश्नाला विसेत नत्थि भन्ते म्हणाला, मोठ्यानं नाही, पण मागं खांबाला टेकून बसलेल्या कम्सिंगपर्यंत पोचेल इतकं.

विधी संपल्यावर नवा भिक्खू पुण्य वाटून देतो. भांड्यातून वाटीत पाणी ओततो आणि गेलेल्यांची नावं घेतो. विसेतनं बापाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं. मग त्यानं आईकडे पाहिलं, कारण आजोबांचं नाव त्याला माहीत नव्हतं. चानसोमनं पिम्पाकडे पाहिलं.

"बुनतान," कम्सिंग मागून म्हणाला.

भंतेंनी सहज विचारलं, अस्थी कुठं आहेत त्यांच्या? विहाराच्या भिंतीत आजीच्या अस्थींची जागा होती, तिच्याशेजारचा कोनाडा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी कम्सिंगनं स्वतः गाडी काढली. दोघी बहिणी शेजारी बसल्या. वसाहतीचा रस्ता त्याला माहीत होता. आयुष्यभर तो टाळायचा तर माहीत असावाच लागतो.

तिथं आता साधं गावच होतं. कौलारू घरं, पेरूची झाडं, शाळेतून येणारी धडधाकट नातवंडं. जुन्या लोकांपैकी थोडेच उरले होते. एका घराच्या ओट्यावर एक अगदी थकलेली बाई ऊन खात बसली होती. तिच्या हातांची बोटं अर्धी होती. दिसत तिला नीट होतं. मे थिप, म्हणजे थिप माय, असं तिचं नाव शेजारच्यांनी सांगितलं.

चानसोमनं हात जोडून विचारलं, बुनतान नावाचं कुणी इथं होतं का.

"बुनतान न्हावी?" म्हातारी म्हणाली. "होता तर."

"न्हावी नव्हते ते," पिम्पा म्हणाली. "शेती होती आमची."

"इथं आल्यावर झाला. आम्हाला कात्री धरता येत नव्हती ना. त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत. सगळ्यांचे केस तोच कापायचा. नखं तर तोच. आमच्या बोटांना काही कळत नाही, आपलं आपण कापायला गेलं की मांसात जातं आणि कळतही नाही. तो एकेक बोट हातात घेऊन कापायचा, विचारायचा, लागतंय का. मी म्हणायची, अरे मला कसं कळणार? तरी विचारायचा." ती हसली. "तुम्ही त्याच्या मुली?"

"हो."

"आणि हा?"

"मुलगा," कम्सिंग म्हणाला.

म्हातारीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"त्याला आमचा रोग नव्हता," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे ना? पहिल्याच वर्षी परदेशी डॉक्टर आला होता, त्यानं सुया टोचून बघितलं आणि म्हणाला, तू घरी जा. सगळ्या वसाहतीला माहीत होतं."

चानसोमनं पिम्पाचा हात धरला.

"मग गेले का नाहीत?" कम्सिंगनं विचारलं.

"गेला होता एकदा. नदीपर्यंत गेला. या काठावरच बसून राहिला दिवसभर. संध्याकाळी परत आला आणि मला म्हणाला, थिप, मी परत दिसलो तर लोक म्हणतील रोगी पळून आला. माझ्या पोरींना कोण करून घेईल? पुन्हा कधी गेला नाही. मी विचारलं, दिसलं का कुणी? तर म्हणाला, पोरगा दिसला. म्हशी धूत होता. अंगानं चांगला भरलाय म्हणाला."

पिम्पानं खांद्यावरचं वस्त्र तोंडावर धरलं. तिचं लग्न कधी झालंच नाही, हे म्हातारीला कुणी सांगितलं नाही.

अस्थी होत्या. वसाहतीच्या छोट्या विहारात, चाफ्याच्या झाडाखाली, मातीच्या मडक्यात. म्हातारीच्या नातवानं जागा दाखवली. वर नाव नव्हतं, पण दर नव्या वर्षाला कुणी ना कुणी तिथं सुगंधी पाणी घालत होतं. बहिणींनी मडकं पांढऱ्या कापडात बांधलं आणि गाडीत मांडीवर घेऊन बसल्या.

कम्सिंग मात्र आला नाही. चानसोम त्याला बोलवायला ओट्यापाशी परत गेली. तो म्हातारीच्या शेजारी खाली जमिनीवर बसला होता, गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवून. चानसोमला भावाचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो लहान झाला होता.

"केस कापताना ते उभे राहायचे का बसायचे?" तो विचारत होता. "आणि बोलायचे का काही मधेमधे? का गप्पच असायचे?"